ग्लो फिश: चमक खरी, बिल कोरं

पुण्यात कोथरूडपासून पेठांपर्यंत, माशांच्या दुकानांत निळ्या लाइटखाली हिरवे, केशरी, गुलाबी 'ग्लो फिश' हल्ली दिसतात. विक्रेता ट्यूब बंद करून सांगतो, "बघा काका, अंधारातसुद्धा चमकतो." तेवढं खोटं आहे. निळा लाइटही बंद करायला सांगा, मासा दिसेनासा होईल. हा काही काजवा नव्हे. जेलीफिश किंवा प्रवाळाचं जनुक बसवल्यामुळे त्याच्या स्नायूंत रंगीत प्रथिन तयार होतं. ते निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल परत टाकतं, एवढंच.

दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात, बारीक झेब्रा मासा आणि चपटा विडो टेट्रा. घेताना आधी एक तपासणी करा. रंग पाठीवर रेघेसारखा किंवा ठिपक्यांत असेल, बाकी अंग काचेसारखं आरपार असेल, तर तो सुई टोचून रंगवलेला ग्लासफिश आहे. त्याचा रंग काही महिन्यांत उतरतो आणि जखमेतून रोग शिरतो. असा मासा घेऊच नका. जनुकवाला मासा सगळ्या अंगाने एकसारखा रंगीत असतो, जन्मभर तसाच राहतो आणि त्याची पिल्लंही रंगीत निघतात. म्हणजे माशाच्या हालाचाच हिशेब मांडायचा तर 'नैसर्गिक' मासा टोचून विकणारा जास्त दोषी ठरतो.

पाळायला सोपा. २ फुटी टाकी (साधारण ५५ लिटर), स्पंज फिल्टर, एका जातीचे किमान ६ मासे. टेट्राला २४ ते २७ अंश लागतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ५० ते ७५ वॅटचा हीटर हवाच. झेब्रा घरातल्या गारव्यात निभावतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बादलीत एक दिवस ठेवून किंवा अँटिक्लोरीन टाकून वापरा. मासे मरतात ते बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि बोल लागतो जनुकाला. खरं कारण माशांच्या घाणीतून साचणारा विषारी अमोनिया: नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू तयार व्हायच्या आत सहाच्या सहा मासे एकदम सोडलेले असतात. निळा लाइट रात्रभर नको. माशाला पापण्या नसतात.

आता दुकानाबद्दल. १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेला जीव आयात करायला किंवा विकायला केंद्राच्या जीईएसी (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन) समितीची मंजुरी लागते. बीटी कापसाला ती २००२ मध्ये मिळाली. या माशांची मंजुरी कुठे आहे असं विचारलं की उत्तर येतं, "इम्पोर्टेड आहे." बिलावर नुसतं 'मासे, ६ नग'. गिऱ्हाईक काय घरी नेतंय हे त्याला कळलंच नाही, तर त्याने नैतिकतेचा विचार करायचा कधी?

आणि हा विचार इथे पुस्तकी नाही, कारण झेब्रा मासा मुळात आपल्याच उपखंडातला. सिंगापूरच्या विद्यापीठात १९९९ च्या सुमारास तो चमकवला, तो पाण्यातलं प्रदूषण दाखवणारा मासा घडवायच्या खटपटीत. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस तो शोभेसाठी विक्रीला आला. तिथल्या थंडीत निसटलेला झेब्रा टिकत नाही, हा बचाव तिथे चालतो. मुठेच्या काठी कसा चालेल? ब्राझीलच्या ओढ्यांत हे चमकणारे झेब्रा सुटून पैदास करताना सापडलेच आहेत. इथे मुठेत ओतलेलं शेवटी भीमेतून उजनी धरणात जातं, आणि टाक्यांतून सुटलेला सकरमाऊथ (काच चाटणारा परदेशी मासा) तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आधीच घेतले असतील तर पैदास होऊ नये म्हणून झेब्राच्या टाकीत तळाला गोट्या किंवा शेवाळ ठेवू नका. पहाटे घातलेली अंडी त्यांच्या फटींत वाचतात. उघड्या, सपाट तळावर मोठे मासेच ती खाऊन टाकतात. टाकीतलं काढलेलं पाणी ओतण्याआधी गाळून घ्या. नवे घेत असाल तर, मासे नकोसे झाल्यावर परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा. "पाषाण तलावात सोडा की" असं उत्तर आलं, तर पिशवी काउंटरवरच ठेवा.

माशाला ५ पैकी ४, दुकानाला १. तोही टाकी स्वच्छ होती म्हणून.