पत्ती पाचांची, पैसे तिघांचे: कांद्याच्या भागीदारीत झालेली फसवणूक

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये घ्यायचा, चाळीत म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये भरायचा आणि भाव चढला की काढायचा, हा धंदा नाशिककडे बरेच जण पत्ती धरून, म्हणजे भागीदारीत हिस्सा घेऊन करतात. २०२३ साली आम्हीही पाच जणांनी केला. एकाकडे बाजार समितीचा परवाना होता. प्रत्येकी ३ लाख घालायचे, नफा पाचांत सारखा. कागदावर एवढंच लिहिलं.

आम्ही तिघांनी पूर्ण रक्कम दिली. दोघांनी ५०-५० हजार दिले आणि म्हणाले, "द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत दादा, आले की देतो." माल स्वस्तात मिळत होता, म्हणून त्यांची तूट तिघांनी भरली. चाळ भरली तशी त्यांची लगबग संपली. पैसे दिले काय नि न दिले काय, कांदा आत होता आणि पत्ती कायम होती.

१९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्याच सुमारास चाळीत सड लागली. वरचा थर कोरडा दिसायचा, खाली हात घातला की बोटं ओली व्हायची. एक सडका कांदा शेजारचे नासवतो, त्यामुळे निवडाई थांबवता येत नाही. बायकांची मजुरी, बारदान, चाळीचं भाडं, सगळं तिघांच्या खिशातून जात होतं. दोघे ग्रुपवर मेसेज वाचायचे आणि गप्प बसायचे. फोन केला तर म्हणायचे, "बाजारच बसलाय, आता त्यात पैसे कशाला घालायचे?"

ऑक्टोबरअखेर भाव चढला. २८ तारखेला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य जाहीर झालं, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा परदेशी पाठवता येणार नव्हता, तसा आम्ही उरलेला माल जागेवरच विकला. लगेच दोघे हजर! "पाचांत सारखं ठरलंय, आमची पत्ती काढा." संयुक्त खात्यावर त्यांच्यापैकी एकाची सही लागत होती, आणि वाटणी मान्य होईपर्यंत तो सही करेना. ही अडवणूक आधीपासून ठरलेली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

वकिलांनी सांगितलं ते प्रत्येकाने ऐकावं. भागीदारी कायदा १९३२, कलम १३: वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखा, मग भांडवल कुणी किती का घातलेलं असेना. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घालणाऱ्याला त्या जादा रकमेवर मिळतं फक्त वर्षाला ६ टक्के व्याज. शिवाय फर्म नोंदवलेली नसेल तर कलम ६९ मुळे करारातला हक्क मागायला एका भागीदाराला दुसऱ्यावर दावा करता येत नाही. फर्म मोडून हिशोब मागता येतो. महाराष्ट्राने दुरुस्ती करून तीही वाट बंद केली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. मात्र त्या दाव्याला वर्षं जातात, आणि आम्हाला पुढच्या हंगामाला पैसे हवे होते. शेवटी जादा घातलेले पैसे तेवढे वळते करून नफा पाचांत वाटला.

पत्ती धरणार असाल तर तीन गोष्टी लिहून घ्या: पत्ती प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेच्या प्रमाणात, मजुरी-भाड्याची मागणी ठरलेल्या मुदतीत भरली नाही तर पत्ती तेवढी कमी, आणि पूर्ण भांडवल न भरणाऱ्याला खात्यावर सहीचा अधिकार नाही. फर्मची नोंदणीही माल घेण्याआधी करा. ते दोघे सध्या निफाडकडे नव्या चाळीसाठी माणसं जमवताहेत. द्राक्षाच्या पैशांचं कारण तिथेही सांगितलं जातंय.