ट्वायलाइट झोन: १९८३चा चित्रपट बघावा की मालिकेतले मूळ भाग?

हाताशी एकच मोकळी संध्याकाळ आहे आणि ‘ट्वायलाइट झोन’ या गूढ-अद्भुत कथांच्या जगाची ओळख करून घ्यायची आहे, अशा वेळी दोन वाटा समोर असतात. एक म्हणजे १९८३चा चित्रपट. चार दिग्दर्शक, चार कथा, १०१ मिनिटं, रंगीत. दुसरी म्हणजे १९५९ ते १९६४ या काळात सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर चाललेली कृष्णधवल मालिका, एकूण १५६ भाग. सगळी मालिका बघायची गरज नाही. चित्रपटातल्या तीन कथा ज्या भागांवर बेतल्या आहेत तेवढेच घ्या: ‘इट्स अ गुड लाइफ’ (तिसरा हंगाम, भाग ८), ‘किक द कॅन’ (तिसरा हंगाम, भाग २१) आणि ‘नाइटमेअर ॲट २०,००० फीट’ (पाचवा हंगाम, भाग ३). प्रत्येक भाग सुमारे २५ मिनिटांचा, म्हणजे सव्वा तासात तिन्ही होतात.

आधी चित्रपटाच्या बाजूने बोलतो, कारण त्याची बाजू लंगडी अजिबात नाही. जॉर्ज मिलरने दिग्दर्शित केलेली शेवटची विमानातली कथा (‘नाइटमेअर ॲट २०,००० फीट’वरची) आजही अंगावर येते. जॉन लिथगोने केलेला घाबरट प्रवासी व्हॅलेंटाइन पहिल्या दृश्यापासूनच घामाने थबथबलेला आहे, बाहेर वादळ आहे, कॅमेरा त्याच्या तोंडाला चिकटलेला. त्याला खिडकीतून विमानाच्या पंखावर दिसणारा प्राणी ओला, हिरवट, दातविचका, आणि इंजिनाचे तुकडे खेचून काढताना त्याला मजा वाटतेय हे आपल्याला दिसतं. मूळ भागात हा प्राणी झालेल्या निक क्रॅव्हॅटला केसाळ पोशाख घातला होता. पूर्ण उजेडात तो पोशाखच वाटतो, हे मालिकेच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. जेरी गोल्डस्मिथचं संगीत ही दुसरी जमेची बाजू. त्याने मूळ मालिकेतल्या काही भागांनाही संगीत दिलं होतं, त्यामुळे ते परकं वाटत नाही.

‘इट्स अ गुड लाइफ’वर बेतलेल्या जो दान्तेच्या कथेत कारागिरी भरपूर आहे. अँथनी नावाचा मुलगा मनात आणेल ते घडवू शकतो, म्हणून घरातले सगळे त्याच्यापुढे हसतमुख राहतात. दूरचित्रवाणीवर सतत कार्टून, जेवायला पीनट बटर लावलेले बर्गर आणि आइसक्रीम. टोपीतून ससा काढायचा प्रयोग अंकल वॉल्टवर उलटतो तेव्हा रॉब बॉटिनने बनवलेला राक्षसी ससा बाहेर येतो. संगणकाच्या मदतीशिवाय, हाताने घडवलेलं हे काम बघण्यासारखंच आहे.

मग माझा तराजू मालिकेकडे का झुकतो? चित्रपटाला शेवट गोड करायची खोड आहे. मला खटकलं ते एवढंच, पण एकदा लक्षात आलं की ते जागोजागी दिसायला लागतं.

‘इट्स अ गुड लाइफ’चा मूळ भाग लावा. जेरोम बिक्स्बीच्या कथेवरून पटकथा मालिकेचा जनक रॉड सर्लिंगने लिहिली आणि अँथनी झाला बिल मूमी. गावात डॅन हॉलिसचा वाढदिवस आहे. भेट मिळालेली रेकॉर्ड लावायची नाही, कारण अँथनीला गाणं आवडत नाही. डॅन प्यायला लागतो, भडकतो आणि सगळ्यांना ओरडून सांगतो, पोराचं लक्ष माझ्याकडे आहे तोवर कोणीतरी मागून घाव घाला! त्या क्षणी आत्या एमीच्या हाताकडे बघा. शेकोटीजवळच्या लोखंडी सळईकडे हात जातो आणि थांबतो. इतर सगळे खुर्चीला खिळलेले. अँथनी डॅनचं स्प्रिंगवर डोलणारं बाहुलं करून टाकतो, मग त्याला मक्याच्या शेतात, म्हणजे जिथून कोणी परत येत नाही तिथे, पाठवतो आणि बाप म्हणतो, बरं केलंस बाळा. पुढे अवकाळी बर्फ पडून अर्धं पीक जाणार असतं, तरी तो तेच म्हणतो. सुटका नाही. भीती मुलाची नाही, त्या खोलीतल्या मोठ्यांच्या गप्प बसण्याची आहे. डोळ्यांत भरेल असं दृश्य जवळपास नाही, आणि तरीही माझ्या मते दोन्हींत हाच भाग जास्त काळ सोबत राहतो.

चित्रपटात काय होतं? हेलन फोली नावाची शिक्षिका बाहेरून येते, मुलाला समजून घेते, त्याला वळण लावायचं ठरवते. दोघं गाडीतून निघतात तेव्हा रस्त्याच्या कडेला फुलं उमलतात. अभिनय चांगला आहे, चित्रण सुंदर आहे. पण घरातले लोक इतका वेळ का गप्प होते, हा प्रश्नच उरत नाही. ज्या गोष्टीचं उत्तर नसण्यात तिचा जीव होता, तिला उत्तर दिलं गेलं.

‘किक द कॅन’मध्ये हे आणखी उघड दिसतं. वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं रात्री बाहेर पडून लहानपणचा खेळ खेळतात. आपला डबा ऐसपैसच, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही. जॉर्ज क्लेटन जॉन्सनने लिहिलेल्या मूळ भागात खेळणारे खरोखर मुलं होतात आणि पळून जातात. जिवलग मित्र चार्ल्सला वेड्यात काढणारा बेन धावत बाहेर येतो, मलाही घेऊन चल म्हणतो, पण आता उशीर झालेला असतो. मुलं अंधारात दिसेनाशी होतात आणि बेन मागे उरतो. चित्रपटातल्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या कथेत जादूचा डबा घेऊन एक मिस्टर ब्लूम (स्कॅटमन क्रॉदर्स) येतात, म्हातारे मुलं होतात, पुन्हा शाळा, पुन्हा जवळच्यांचे मृत्यू नकोत म्हणून बहुतेक जण परत म्हातारे व्हायचं ठरवतात आणि मनाने तरुण राहतात. न खेळलेल्या गृहस्थालाही शेवटी अंगणात डबा लाथाडताना दाखवलंय. कोणाचंच काही गेलं नाही. क्रॉदर्सचा चेहरा इतका प्रेमळ आहे की राग येत नाही, पण गळ्याशी हुंदकाही येत नाही.

चित्रपटातल्या पहिल्या कथेबद्दल थोडं गंभीरपणे बोलायला हवं. जॉन लँडिसची ही कथा कोणत्याही एका भागाचं रूपांतर नाही. वंशद्वेष ओकणारा बिल कॉनर (विक मॉरो) दारूच्या गुत्त्यातून बाहेर पाऊल टाकतो आणि आधी नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, मग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना छळणाऱ्या कू क्लक्स क्लॅनवाल्यांपुढे, मग व्हिएतनाममध्ये सापडतो. त्याला प्रायश्चित्ताची संधी देणारा एक प्रसंग लिहिला होता: तो दोन व्हिएतनामी मुलांना वाचवतो. २३ जुलै १९८२ला कॅलिफोर्नियात, रात्रीच्या चित्रीकरणात, स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळलं. मॉरो आणि दोन बालकलाकार जागीच गेले. त्या मुलांना कायदा डावलून रात्री कामावर आणलं होतं. खटल्यात लँडिस आणि इतर चौघे १९८७मध्ये निर्दोष सुटले. तो प्रसंग चित्रपटात नाही, त्यामुळे कथा तुटक वाटते, आणि हे माहीत असताना ती तटस्थपणे बघणं मला जमत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी ती खुशाल वगळावी. पुढच्या कथांचा तिच्याशी संबंध नाही.

निवेदनाचा फरक छोटा आहे. मालिकेचा निवेदक सर्लिंग दुसऱ्या हंगामापासून स्वतः चौकटीत येऊन उभा राहतो. १९७५मध्ये तो गेला, म्हणून चित्रपटात बर्जेस मेरेडिथचा आवाज आहे. मालिकेच्या चार भागांत काम केलेला नट, म्हणजे निवड योग्यच, पण नुसता आवाज आहे, माणूस दिसत नाही.

मालिकेकडे वळणार असाल तर दोन खड्डे टाळा. चौथ्या हंगामातले भाग तासाभराचे आहेत, आणि २५ मिनिटांत बसणारी कल्पना तिथे ताणली जाते. सुरुवात तिथून नको. दुसऱ्या हंगामातले सहा भाग खर्च वाचवायला व्हिडिओटेपवर घेतले होते. ते नाटकाच्या चित्रीकरणासारखे सपाट दिसतात, तुमच्या प्रतीत दोष आहे असं समजू नका. आणि कृष्णधवल चित्र बघताना खोलीतले दिवे मालवा. सावल्यांवरच सगळा खेळ आहे.

ज्यांना कृष्णधवल अजिबात सोसत नाही किंवा घरच्या किशोरवयीन मुलांसोबत बघायचंय, त्यांनी चित्रपट घ्यावा. मात्र पहिल्या अर्ध्या भागावरून मत बनवू नये, चांगल्या दोन्ही कथा नंतर येतात. माझ्यापुरतं विचाराल तर मी तीन मूळ भाग घेईन आणि वेळ उरला तर चित्रपटातली फक्त विमानाची कथा जोडेन. त्यातही क्रम महत्त्वाचा: विल्यम शॅटनरचा मूळ विमानाचा भाग आधी. तिथे बॉब विल्सन मनाच्या आजारातून नुकताच बरा होऊन बायकोसोबत घरी चाललाय, सुरुवातीला शांत आहे, आणि खिडकीचा पडदा बाजूला सारतो तेव्हा काचेला तोंड लावून काय बसलंय ते त्याच्याबरोबरच आपल्याला दिसतं. लिथगोची कथा आधी पाहिली तर तो पडदा सरकण्याआधीच तुम्हाला पलीकडे काय आहे ते माहीत असतं.