बिलावर २५६ बिट, राउटरमध्ये पीपीटीपी: व्हीपीएन बसवून घेताना आमची झालेली फसवणूक

ज्यांचा माल एका गावात भरला जातो आणि हिशोब दुसऱ्या गावात होतो त्यांनी हे जरा वेळ काढून वाचा. आमचा केळीचा व्यापार, पेढी सावद्याला आणि टॅलीचं काम जळगावच्या ऑफिसात. कोणत्या शेतकऱ्याला काय भाव दिला, दिल्लीच्या पार्टीकडून किती येणं बाकी आहे, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर, आणि दादाला ते सावद्याहून किंवा रावेर-यावलकडे कटाई चालू असताना बागेतूनच बघावं लागतं. म्हणून व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडायचा इंटरनेटवरचा खाजगी रस्ता, घ्यायचं ठरलं.

ऑफिसांना नेटवर्किंग करून देणारा एक जण आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याने कोटेशन दिलं त्यात "मिलिटरी ग्रेड २५६ बिट सिक्युअर व्हीपीएन", राउटर, बसवण्याचा चार्ज आणि वरून दर युजरमागे दर वर्षाला "प्रोटोकॉल लायसन्स". सगळं मिळून २८ हजार. बिलावर पण २५६ बिटच (म्हणजे डेटाला लावलेल्या कुलपाच्या किल्लीची लांबी) छापलंय, ते बिल आम्ही जपून ठेवलंय.

चालत होतं तोवर कोणी काही विचारलं नाही. मग दादाने नवीन आयफोन घेतला आणि त्यात व्हीपीएन टाकायला गेलो तर जुन्या फोनमध्ये जो टाइप निवडलेला होता तो नवीन फोनच्या यादीतच नाही. बसवून देणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "भाऊ, कंपनीने फोनमधून ते फीचर काढून टाकलं, तुम्ही जुनाच फोन वापरा, नाहीतर अपग्रेड करून देतो, ९ हजार लागतील." फीचर काढलं हे खरं होतं. का काढलं ते त्याने सांगितलं नाही, आणि सगळी लबाडी तिथेच आहे.

त्या टाइपचं नाव पीपीटीपी. नव्वदच्या दशकातला प्रोटोकॉल, म्हणजे व्हीपीएन कसं जोडायचं त्याची ठरलेली पद्धत, विंडोजसोबत फुकट यायचा म्हणून सगळीकडे पसरला. १९९८ सालीच ब्रूस श्नायर वगैरे तज्ज्ञांनी त्यातले दोष काढून दाखवले होते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी तर दाखवून दिलं की त्यातली लॉगिनची पद्धत, एमएस-चॅप व्ही२, शेवटी डीईएस या जुन्या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करायच्या पद्धतीच्या, ५६ बिटच्या एका किल्लीवर येऊन थांबते, म्हणजे तुमचा पासवर्ड कितीही लांबलचक असू द्या, लॉगिनचा डेटा कोणी मधे पकडला तर एका दिवसात ती किल्ली सापडते. त्यानंतर खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सावध राहा म्हणून सूचना काढली. अ‍ॅपलने २०१६ ला आयफोनमधून पीपीटीपी काढला आणि अँड्रॉइड १२ पासून तिथेही नवीन कनेक्शन बनवता येत नाही. इतक्या जणांनी फेकून दिलेली गोष्ट या माणसाने आम्हाला नवीन म्हणून विकली.

आणि २५६ बिटचं तर सरळ खोटं आहे, कारण पीपीटीपीमध्ये जे एन्क्रिप्शन असतं, एमपीपीई, ते जास्तीत जास्त १२८ बिटचंच असतं. त्या प्रोटोकॉलवर २५६ बिट देताच येत नाही. चुकून लिहिलं असेल असं मी मानायला तयार नाही, रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत असतं.

९ हजार घेऊन त्याने "अपग्रेड" म्हणून एल२टीपी नावाचा दुसरा प्रोटोकॉल चालू करून दिला. आता एल२टीपीला स्वतःचं एन्क्रिप्शनच नसतं, ते काम सोबतचं आयपीसेक नावाचं तंत्र करतं, आणि त्यासाठी त्याने सगळ्या फोनमध्ये एकच सामाईक की, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, टाकली. फैजपूरला आमच्या पाहुण्यांकडे पण याचंच काम आहे, त्यांची की बघितली तर आमचीच! एकाच घराच्या कुलपाची चावी गावभर वाटल्यासारखं झालं हे. अशी की बाहेर माहीत असली की मधे बसलेला कोणीही आपणच सर्व्हर आहोत असं भासवू शकतो.

भुसावळचा एक ओळखीचा मुलगा पुण्याला याच लाईनमध्ये आहे, तो दिवाळीला आला तेव्हा त्याने राउटरचं सेटिंग उघडून बघितलं आणि हे सगळं त्याच्यामुळे कळलं. राउटर मायक्रोटिकचा होता, राउटर चांगलाच आहे, त्यात राउटरओएस ७ हे त्याचं सॉफ्टवेअर टाकल्यावर वायरगार्ड नावाचं दुसरं व्हीपीएन फुकटात चालू झालं. लायसन्सचा एक रुपया लागला नाही, कारण वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन हे दोन्ही प्रोटोकॉल ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आहेत आणि आयकेईव्ही२ हा तिसरा प्रोटोकॉल तर विंडोज आणि आयफोनमध्ये आधीपासूनच असतो. ते "प्रोटोकॉल लायसन्स" म्हणजे हवेचे पैसे होते. बसवण्याची मजुरी घ्या ना, ती द्यायला कोणाचा नकार आहे.

कोणतं घ्यावं म्हणाल तर आमच्यासारख्या छोट्या धंद्याला वायरगार्ड. २०२० पासून ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, कोड अगदी छोटा, जुने कच्चे पर्याय निवडायची सोयच ठेवलेली नाही. प्रत्येक फोनची की वेगळी, फोन हरवला तर तेवढी एक उडवायची, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. पण ते फक्त यूडीपीवर (इंटरनेटवर डेटा पाठवायची एक पद्धत) चालतं, काही हॉटेलच्या वायफायवर यूडीपी बंद असतं, मग तिथे ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर (सुरक्षित वेबसाइट ज्या रस्त्याने उघडतात तोच) कामाला येतं, थोडं हळू चालेल पण चालेल. ज्यांना वेगळं अ‍ॅप टाकायचंच नाही त्यांनी आयकेईव्ही२ बघा, वायफायवरून मोबाईल नेटवर गेलं तरी कनेक्शन टिकतं. आणि नेटवाल्याला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळेल का ते आधी विचारा, नाहीतर बाहेरून ऑफिसला थेट जोडता येत नाही आणि मग हे लोक त्याचेही वेगळे पैसे सांगतात.

नुसता २५६ चा आकडा ऐकून घेऊ नका. तो आकडा चांगल्या प्रोटोकॉलमध्ये पण असतो, पण प्रोटोकॉलचं नाव काय ते कोटेशनवर लिहून घ्या. नाव लिहायला का-कू करत असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा.

आम्ही पैसे परत मागितले तर आमचा तो बसवणारा फोनच उचलेना. आता वकिलाकडून नोटीस पाठवलीय, सोबत बिलाची कॉपी आणि राउटरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट जोडलेत.

ज्यांच्याकडे आधीच बसवलेलं आहे त्यांनी विंडोजमध्ये व्हीपीएन कनेक्ट करून नेटवर्क कनेक्शनमध्ये त्याचं स्टेटस आणि त्यातलं डिटेल्स उघडा. सेटिंगमध्ये टाइप ऑटोमॅटिक दाखवत असेल तरी इथे खरं नाव कळतं. पीपीटीपी निघालं तर आधी स्क्रीनशॉट काढा, मगच ते बंद करा, आणि व्हीपीएनचाच पासवर्ड टॅलीला किंवा मेलला ठेवलेला असेल तर तो आजच बदला.