जर्मनीची ट्रिप ‘प्लॅन करून देणारा’ दादा : पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

म्युनिक, फ्युसेन, ब्लॅक फॉरेस्ट या बाजूला जायचं ठरवत असाल आणि कुणी आपला मराठी माणूस ‘ताई तुम्ही फक्त या, बाकी मी बघतो’ म्हणत असेल तर दोन मिनिटं थांबा. आमचे एक लाख सहासष्ट हजार पाचशे रुपये गेले, त्यावर जर्मनीत जाऊन परत भरावे लागले ते वेगळेच. हा माणूस अजून ग्रुप्समध्ये आहे, नंबर बदललाय एवढंच, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही नाशिकचे. मी, नवरा, सासू-सासरे आणि पाच वर्षांचा मुलगा. युरोप फिरणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा भेटला. ऑग्सबर्गला राहतो म्हणाला, मराठी एकदम घरच्यासारखं, सासऱ्यांशी काका काका करत अर्धा अर्धा तास गप्पा. प्लॅनिंगचे फक्त तीन हजार. आणि प्लॅन खरंच चांगला होता हो, हेच तर सांगायचंय. म्युनिकमध्ये मुक्काम, तिथून फ्युसेन आणि नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, मग उल्म करत स्टुटगार्ट, पुढे कार्ल्सरुहेला गाडी बदलून ब्लॅक फॉरेस्टमधलं ट्रिबर्ग. कुठे कुठली रीजनल गाडी, बदलायला किती मिनिटं, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी दूध घेऊन ठेवा, किल्ल्यात बाबागाडी आत नेता येत नाही, इथपर्यंत सगळं लिहिलेलं. मी नेटवर एकेक ओळ तपासली, सगळं बरोबर निघालं. असा प्लॅन बघितल्यावर पुढे तो ज्या गोष्टींचे पैसे मागत गेला त्यावर शंका कोण घेणार.

हॉटेलांचे एक लाख बारा हजार घेतले, तीन ठिकाणचे मिळून. कन्फर्मेशन आलं, आमच्या नावाचं. मी तेवढ्यावर थांबले नाही, तिन्ही हॉटेलांना फोन लावला, तिघांनीही नाव आणि तारखा बरोबर सांगितल्या. व्हिसाच्या फाइललासुद्धा तीच बुकिंग लावली आणि व्हिसा आला. आता यातली गोम ऐका. ती बुकिंग खरीच होती, पण ‘पैसे हॉटेलवर द्या, कॅन्सल फुकट’ या प्रकारातली. म्हणजे बुक करायला त्याला एक पैसा लागला नाही. बुकिंग त्याच्या ईमेलवर, त्यामुळे मालक तो. आम्हाला जे मिळालं ते फक्त त्या बुकिंगचं पीडीएफ. आपण फोन करून विचारतो ‘बुकिंग आहे का’, ते म्हणतात आहे, आणि आपण निवांत होतो. ‘पैसे भरलेत का आणि कुणी भरलेत’ हा प्रश्न विचारायचा असतो.

म्युनिकच्या हॉटेलात रात्री पोचलो तर रिसेप्शनवरच्या मुलाने कार्ड मागितलं. पूर्ण रक्कम बाकी आहे म्हणे. दादाला फोन केला, लगेच उचलला, ‘ताई त्यांची सिस्टिम अपडेट नसते, आत्ता भरा, मी आजच रिफंड टाकतो’, आणि दहा मिनिटांत ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट पण आला. मुलगा झोपेला आलेला, सासूबाईंचे पाय सुजलेले. भरले.

दुसऱ्या दिवशी फ्युसेनची गाडी. इथे डॉइचलांड टिकिट काय असतं ते थोडं सांगते कारण त्याचा सगळा खेळ यावर आहे. २०२३ च्या मे महिन्यात हे सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३. महिनाभर देशातल्या सगळ्या रीजनल गाड्या, एस-बान म्हणजे लोकल, यू-बान म्हणजे मेट्रो, ट्राम, बस यात चालतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. ते सबस्क्रिप्शन असतं, एका माणसाच्या नावावर असतं आणि दुसऱ्याला देता येत नाही. तपासणीला तिकिटासोबत ओळखपत्र दाखवावं लागतं. आमच्या दादाने काय सांगितलं होतं, की महिन्याच्या मध्ये घरी परत जाणाऱ्या स्टुडंट्सची तिकिटं पडून असतात, ती तो स्वस्तात मिळवून देतो, साडेचार हजाराला एक. नावाचं मी विचारलं होतं, तर ‘ताई नाव कुणी बघत नाही, कोडच स्कॅन करतात’. वर मुलाचा ‘चाइल्ड पास’ म्हणून दोन हजार. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकडे गाडीत तिकीटच लागत नाही! हे मला कुणी सांगितलं माहितीये, तिकीट तपासणाऱ्या बाईंनी.

त्या बाई शांत होत्या, अजिबात आवाज चढवला नाही. नवऱ्याचा फोन हातात घेतला, मशीन धरलं, मशीनने लाल दाखवलं. मग बोटाने स्क्रीन जराशी सरकवून बघितली, तर मागे फोटोंची गॅलरी. अ‍ॅप उघडा म्हणाल्या, अ‍ॅप कुठलं असणार, चारही स्क्रीनशॉट. खाली बारीक अक्षरात चार भलतीच नावं, त्यात सासूबाईंच्या तिकिटावर एका पुरुषाचं नाव. पासपोर्ट मागितले, आमची नावं लिहून घेतली आणि प्रत्येकी ६० युरोच्या चार पावत्या. सासरे बिचारे मराठीतच सांगत होते, ‘अहो आम्ही पैसे भरलेत, फुकटे नाही आम्ही’. रिटायर्ड शिक्षक आहेत, आयुष्यात विनातिकीट एसटीत बसले नाहीत. समोरच्या सीटवरचे लोक खिडकीबाहेर बघायला लागले, ते जास्त लागलं मनाला.

आणि चीड याची येते की त्या दिवसाला हे महिन्याचं तिकीट लागतच नव्हतं. बायर्न टिकिट म्हणून (बायर्न म्हणजे म्युनिक-फ्युसेन ज्यात येतात ते बव्हेरिया राज्य) एक दिवसाचं तिकीट मिळतं, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत, स्टेशनवरच्या मशीनमधून काढा, त्यावर प्रवास करणाऱ्यांची नावं लिहा, झालं. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासून. साल्झबुर्गपर्यंत पण जाता येतं त्यावर. स्टेशनवर काही लोक ‘आमच्या तिकिटावर जागा आहे, या’ म्हणत पैसे घेऊन माणसं गोळा करतात, त्यांच्याही नादाला लागू नका, नाव लिहिलेलं असतं म्हटलं ना.

फ्युसेनला उतरलो, दादाचा फोन बंद. तरी किल्ल्याची तिकिटं आहेत ना हातात, म्हणून बसने किल्ल्याखालच्या होहेनश्वानगाऊ गावी गेलो, तिथून वर चढायचा रस्ता चांगला अर्धा-पाऊण तासाचा, सासू-सासऱ्यांना घोडागाडीत बसवलं. तिकिटं ‘स्किप द लाइन’ म्हणून घेतली होती, साडेचार हजाराला एक, मुलाचंही तेवढंच. तिथे गेल्यावर कळलं की असली काही भानगडच नाही. प्रत्येक तिकिटावर वेळ छापलेली असते, त्या वेळेला गेट उघडतं, गाइडबरोबर आत, साधारण अर्धा तास. वेळ चुकली की तिकीट गेलं. आमची तिकिटं गेटला लावली, गेट हललं नाही. तिथल्या माणसाने बघून सांगितलं की हा नंबर आधीच वापरलेला आहे, तारीख बदललीय. कुणाचं तरी जुनं तिकीट एडिट करून पाठवलं होतं. खाली गावातल्या तिकीट सेंटरला फोन करून विचारलं तर त्या दिवसाचं सगळं संपलेलं.

खरा दर सांगते. मोठ्यांना २१ युरो, ऑनलाइन घेतलं तर वर अडीच युरो, अठरा वर्षांखाली प्रवेश फुकट, फक्त त्यांचीही जागा धरावी लागते. म्हणजे आम्हा पाच जणांचं काम दहा हजारांच्या आसपास झालं असतं, आम्ही साडेबावीस दिले. होहेनश्वानगाऊच्या तिकीट सेंटरची स्वतःची साइट आहे, तिथूनच घ्या, सीझनमध्ये बऱ्याच आधी घ्या. मग मारियेनब्रुक नावाच्या पुलावर जाऊन बाहेरूनच बघितला किल्ला. सासरे म्हणाले, या लुडविग राजाने पण कर्ज काढूनच बांधलाय म्हणे, त्यालाही पुरता बघायला मिळाला नाही. खरंय ते, १८६९ ला काम सुरू झालं, १८८६ ला राजा गेला तेव्हाही अर्धवट होता, आणि तो गेल्यावर काही आठवड्यांतच लोकांना तिकीट लावून उघडला. त्यांच्या या बोलण्यावर पहिल्यांदा त्या दिवशी कुणीतरी हसलं.

संध्याकाळी हॉटेलवर येऊन मी पुढच्या दोन्ही हॉटेलांना परत फोन केला. स्टुटगार्टचं बुकिंग आम्ही म्युनिकला उतरलो त्याच दिवशी कॅन्सल, ट्रिबर्गचंही त्याच्या थोडंच आधी. बघा टायमिंग. आम्ही विमानात बसेपर्यंत बुकिंग जिवंत ठेवायची, म्हणजे निघायच्या आधी फोन करून खात्री केली तरी हो म्हणतील, आणि एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्याने विचारलं तर कागद हातात आहेच. ते कागद तिथे दाखवताना आमच्या पुढच्या मुक्कामांना छप्परच नव्हतं!

स्टुटगार्टला दुसरीकडे महागात रूम घेतली. ट्रिबर्गला एका गेस्टहाउसमध्ये जागा मिळाली, तिथल्या आजीबाईंनी चेक-इन करताना पाच कार्डं हातावर ठेवली. कोनुस कार्ड. ब्लॅक फॉरेस्टमध्ये जे मुक्कामाला राहतात त्यांच्याकडून जो थोडासा पर्यटक कर घेतात त्यातूनच हे चालतं, आणि त्यावर तिथल्या बस आणि रीजनल गाड्या फुकट, बहुतेक गावांमध्ये मिळतं. आणि दादाने ‘ब्लॅक फॉरेस्ट पास’ म्हणून आमच्याकडून माणशी अठराशेप्रमाणे नऊ हजार घेतले होते. जी गोष्ट फुकट मिळते ती विकायला डोकं लागतं, मानलं पाहिजे.

अजून एक, आम्ही गाडी भाड्याने घ्यायचं आधी डोक्यात होतं तेव्हा त्याने ‘ऑटोबान टोल पास’चेही (ऑटोबान म्हणजे तिथला हायवे) पैसे सांगितले होते. ते आम्ही घेतलं नाही पण तुमच्यातल्या कुणाला विचारेल. जर्मनीत साध्या कारला ऑटोबानवर टोल नाही. ऑस्ट्रियाच्या मोटरवेवर जाणार असाल तर तिथलं विनियेट म्हणजे टोल पास लागतं, ते त्यांच्या सरकारी कंपनीच्या म्हणजे आस्फिनागच्या साइटवर मिळतं, मधल्या साइट्स वर कमिशन लावून विकतात. शहरात शिरायला काही ठिकाणी हिरवा पर्यावरणाचा स्टिकर लागतो, म्युनिकला लागतो, पण भाड्याच्या जर्मन गाडीला तो बहुतेक लावलेलाच असतो, काचेवर बघून घ्या.

पैसे आम्ही यूपीआयने भारतातल्याच खात्यांवर पाठवले होते, दर वेळी वेगळं नाव, एकदा तर कुठल्यातरी मोबाइल शॉपीचा क्यूआर. त्याचं म्हणणं की युरोत पाठवलं तर बँक चार्ज लागतो. म्युनिकहूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा प्रयत्न केला, लागेना, मग दिराने नाशिकहून सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, यूटीआर म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या नंबरांसकट. एका खात्यात अकरा हजार सापडले ते गोठवलेत असं पोलीस म्हणाले, बाकीची खाती रिकामी. ते अकरा सुटायलाही कोर्टाचा अर्ज लागतोय.

आता ओळखायचं कसं. तो प्लॅनचं पीडीएफ पाठवतो, पहिल्या पानावर किल्ल्याचा बर्फातला फोटो आणि खाली ‘काका-काकू फ्रेंडली’. व्हिडिओ कॉल कधीच करत नाही, शिफ्टवर आहे म्हणतो. बुकिंग तुमच्या ईमेलवर करा म्हटलं की ‘मग माझा ग्रुप डिस्काउंट जातो’ हे उत्तर ठरलेलं. ज्यांनी त्याला आधीच पैसे दिलेत आणि अजून निघायचे आहेत त्यांनी आजच हॉटेलला फोन करून विचारा की रक्कम जमा आहे का, नसेल तर स्वतःच्या ईमेलवर दुसरं बुकिंग करून घ्या, आणि त्याच्याशी भांडायच्या आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण आम्ही ‘पोलीस’ हा शब्द टाइप केला आणि पाच मिनिटांत त्याने नुकतेच पाठवलेले मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले.