परसबागेतला स्वीट कॉर्न : काही हंगाम लावल्यानंतरचं मत

चवीला पैकीच्या पैकी गुण, जागेच्या हिशेबात मात्र जेमतेम पास. एका झाडाला एक चांगलं कणीस येतं, दुसरं आलंच तर बहुधा अर्धवट भरलेलं. दोन ओळींत 60 सेंमी आणि दोन झाडांत 25 सेंमी अंतर ठेवून सहा-सहा झाडांच्या चार ओळी लावल्या, तर साधारण साडेतीन चौरस मीटरचा वाफा अडीच-तीन महिने अडकतो. हाती लागतात 24 ते 30 कणसं, आणि तीही आठ-दहा दिवसांत सगळी एकदम. दिवसाचं सहा-आठ तास ऊन नसेल तर लावूच नये. झाडं उंच होतात, पण कणसं बारीक राहतात.

बियाण्याची निवड चवीइतकीच उगवणीवरही परिणाम करते. साध्या गोड जातीचं बी जरा थंड मातीतही तग धरतं, पण तोडल्यावर त्यातली साखर झपाट्याने पिठूळ होते. सुपर स्वीट म्हणजे एसएच-2 (हे जनुकाचं नाव) प्रकारात गोडी जास्त आणि ती फ्रिजमध्ये बरेच दिवस टिकते. मात्र त्याचं बी सुरकुतलेलं असतं, आत पिष्टाचा साठा कमी. माती 16 अंशांच्या खाली आणि त्यात सतत ओली असली की ते कुजतं. उगवण कमी झाली की बियाण्याला नावं ठेवली जातात, पण पुष्कळदा दोष गार चिखलाचा असतो. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, अडीच-तीन सेंमी खोल, एका ठिकाणी दोन बिया टोकाव्यात आणि रोपं बोटभर झाली की कमजोर रोप कात्रीने कापावं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

आता मुख्य गोष्ट. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो. त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. पराग शेंड्यावरच्या तुऱ्यातून वाऱ्याने येतो, मधमाश्यांवर हे पीक अवलंबून नाही. म्हणून कुंपणाच्या कडेने एकच लांब ओळ लावली की बराचसा पराग बाजूला उडून जातो आणि कणसात दातपडके दाणे येतात. तितकीच झाडं चौकोनात लावली तर फरक डोळ्यांना दिसतो. झाडं मोजकीच असतील तर हातानेच काम करावं : सकाळी दव सुकल्यावर तुरा कागदी पिशवीत झटकायचा आणि ती पिवळी भुकटी लगेच ताज्या केसांवर भुरभुरायची. केस एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे हे तीन-चार सकाळी करावं लागतं. दुपारवर ठेवू नये, पराग फार वेळ जिवंत राहत नाही. पारा 35 अंशांच्या वर आणि हवा कोरडी असेल तर हातानेही फारसं हाती लागत नाही.

नुसतं टोक रिकामं राहिलं तर कारण वेगळं. टोकाकडचे केस सर्वांत शेवटी निघतात, आणि त्या सुमारास पाण्याचा ताण पडला की पहिला फटका त्यांनाच. एरवी चौरस मीटरला आठवड्याला 25 लिटर पाणी पुरतं. तुरा निघाल्यापासून दाणे भरेपर्यंत मात्र 35-40 लिटर द्यावं.

खताच्या बाबतीत मका खादाड आहे. चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आधी मिसळावं. नंतर झाड गुडघाभर झाल्यावर आणि तुरा डोकावू लागल्यावर चौरस मीटरला दहा-दहा ग्रॅम युरिया खोडापासून चार बोटं लांब टाकून पाणी द्यावं. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत गेली तर नत्र कमी पडतंय. पहिल्या हप्त्याबरोबरच मातीची भर लावावी, नाहीतर वाऱ्यात झाडं लोळतात. बुडाशी येणारे फुटवे काढण्यात वेळ घालवू नये, काढून काही फायदा होत नाही.

लष्करी अळी हा खरा वैताग. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुशासारखी ओली विष्ठा आणि पानांवर ओळीने भोकं दिसली की पोंगा उघडून अळी वेचावी. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. लहान अळ्यांवर बीटीची (अळ्या मारणारं जिवाणूंचं जैविक कीटकनाशक) फवारणी संध्याकाळी थेट पोंग्यात केली तर चालते. मोठी अळी तिला दाद देत नाही.

सुपर स्वीटशेजारी साधा मका, लाह्यांचा मका किंवा साधी गोड जात एकाच वेळी फुलोऱ्यात येऊ देऊ नये. परक्या परागाने त्याच हंगामातले दाणे पिठूळ होतात. पराग पोहोचणार नाही एवढं अंतर परसबागेत मिळत नाही, म्हणून फुलोऱ्यात दोन आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करावी.

केस निघाल्यावर साधारण 18 ते 22 दिवसांनी, केस तपकिरी होऊन सुकले की एक दाणा नखाने फोडावा. पाणी निघालं तर थांबा, दुधासारखा रस निघाला तर तोडा, घट्ट पीठ लागलं तर उशीर झालाय. उन्हाळ्यात ही मुदत तीन-चार दिवसांचीच असते, त्यामुळे सगळं बी एकदम टोकू नये. पहिल्या खेपेला तीन-चार पानं आली की पुढची खेप पेरावी, पण तीही चौकोनातच.