सोन्याची नाणी काढून ठेवली, कौल ठेवलं : बुडालेल्या जहाजाचा शालेय संच, सात महिन्यांनंतर

बुडालेल्या जहाजाचं पाण्याखालचं उत्खनन कसं करतात हे मुलांना करून दाखवणारा हा संच गेल्या जुलैत शाळेसाठी स्वतःच्या पैशानं मागवला. पावणेचार हजार रुपये. वेंगुर्ल्याकडची किनाऱ्यावरची शाळा, सहावी-सातवी मिळून सव्वीस मुलं, निम्म्यांच्या घरी होडी. पहिल्याच तासाला संचातली तोफ पाण्यावर तरंगली. प्लास्टिकची होती! हसून हसून मुलांची पुरेवाट झाली. होडीवाल्यांच्या पोरांसमोर असली तोफ ठेवायची म्हणजे आपलंच हसं.

पेटीत एक उथळ ट्रे, तळाशी बसवायचा जहाजाचा सांगाडा, चौकटी आखायला दोरी, पाण्याखाली लिहायच्या चार प्लास्टिकच्या पाट्या, गाळ ओढायची रबरी पिचकारी आणि सोनेरी मुलाम्याची चाळीस नाणी. पुस्तिका इंग्रजीत, त्यामुळे रात्री बसून मराठी टिपणं काढावी लागली.

नाण्यांनी माझे दोन तास खाल्ले. ट्रे समोर आला की सगळे हात आधी नाण्यांवर. कोणत्या चौकटीतून काय निघालं हे लिहायला कोणालाच सवड नाही. खरं तर सगळी विद्या त्या चौकटीतच असते. वस्तू कुठे होती, कशाशेजारी होती, हे एकदा हातातून गेलं की परत मिळत नाही. पंधरा दिवसांत मुलामा उतरला तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. नाणी डब्यात घातली ती घातलीच.

त्यांच्या जागी मंगळुरी कौलांचे तुकडे पुरले. हे सुचलं गोव्यावरून. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या समुद्रातल्या सेंट जॉर्ज खडकाजवळ एका बुडालेल्या जहाजाचा माल तपासला. निघालं काय, तर कौलं, विटा आणि भाजक्या मातीचं इतर बांधकामाचं सामान. त्यावर बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या मंगळूरच्या कारखान्याचा छाप आणि 1865 हे साल. मी विचारलं, ‘मग जहाज कधी बुडालं?’ वर्ग एका सुरात, ‘1865!’ मागच्या बाकावरून एकजण उठला. ‘बाईनू, तसला कौल आमच्या मांगरार आसा. मांगर तर आज्यान बांदलो.’ मांगर म्हणजे शेतघर.

पुढे मला फारसं काही शिकवावं लागलं नाही. 1865 हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल. छापावर तेच साल, कौल कधीही घडवलेलं असो. म्हणजे जहाज त्याआधी बुडालेलं असू शकत नाही, नंतर मात्र कधीही बुडालेलं असू शकतं. आठवडाभर मुलं गावातल्या पडक्या घरांची कौलं उलटी करून छाप वाचत होती. दोन घरांतून माझ्याकडे तक्रारही आली.

संचातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे त्या पाट्या. पेन पाण्यात चालत नाही, साधी शिसपेन्सिल चालते, हे मुलांनी स्वतः करून पाहिलं. एक भर मी घातली : ट्रेमध्ये मूठभर माती कालवली. स्वच्छ निळं पाणी पुस्तिकेतल्या चित्रात ठीक आहे, आमच्या किनाऱ्यावर बरेच दिवस हाताचं बोटही दिसत नाही. मग मुलं दोरी चाचपत मोजू लागली, तेही न बोलता, पाणबुड्यांच्या खुणांनी. अंगठा वर केला की ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. यावरून अजून भांडणं होतात.

पुस्तिकेत स्वीडनच्या वासा जहाजाची चार पानं आहेत. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि 1961 मध्ये जवळजवळ अख्खं वर काढलं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून त्यावर 17 वर्षं रसायन फवारत होते. तिथल्या कमी खारट समुद्रात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ते टिकलं. ‘आमच्या होडीक तर भिरूड लागता’, असं लगेच आलं. आपल्याकडे कौलच का उरतं, हेही त्यांनीच सांगितलं.

पुस्तिकेतली एक उणीव मात्र खटकली. बुडालेलं जहाज म्हणजे खजिना, एवढंच ती सांगते. मी रामदास बोटीबद्दल सांगितलं. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, 600 हून अधिक माणसं गेली. त्या दिवशी ट्रेभोवती कोणी धक्काबुक्की केली नाही.

तक्रारी : ट्रे तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यातून गळू लागला. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही, शेवटी एम-सील लावलं. दोरीचा रंग सुटतो. पिचकारी मात्र दणकट आहे.

पूर्ण संच घ्यायची गरज नाही, असं माझं मत झालंय. मासळीचा जुना क्रेट आतून ताडपत्री लावून, सुतळी आणि पेन्सिल चालेल अशा खरखरीत प्लास्टिकचे तुकडे घेतले तर पाचशेच्या आत काम होतं. मी पुन्हा घेतल्या तर फक्त पाट्या घेईन. तोफ पहिलीच्या वर्गाला दिली आहे. तिथे ती तरंगण्याच्या धड्याला वापरतात.