पावसाळ्यातले चार हप्ते: सोनं ठेवावं की पिग्मी लावावी?

मालवणात टूरिस्ट गाडी चालवणाऱ्याचं वर्ष आठ महिन्यांचं असतं. मेच्या शेवटी किल्ल्याची होडी बंद होते, तारकर्लीचं स्कूबा बंद होतं, १ जूनला ट्रॉलरही किनाऱ्याला लागतात. कर्जाचं वर्ष मात्र बारा महिन्यांचंच. माझा गाडीचा हप्ता १४,८०० रुपये, तारीख ५. जून ते सप्टेंबर चार हप्ते म्हणजे ५९,२००. पावसात अगदीच शून्य नसतं म्हणा. शनिवार-रविवार आंबोलीची भाडी मिळतात, गणपतीला कुडाळ स्टेशनवरून चाकरमानी गावोगाव सोडायचे असतात. पण ते पैसे डिझेल, शाळेच्या वह्या आणि मखर यातच जिरतात.

हप्ते थकवून दिवाळीनंतर एकदम भरू, हा विचार करत असाल तर आताच सोडा. पावसाळा चार महिन्यांचा आणि एनपीएची, म्हणजे कर्ज बुडीत धरायची, रेष ९० दिवसांची, हे गणित जमत नाही. दंडावर व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून मनाई केली आहे हे खरं, पण सीबिलवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचा, डाग त्याने जात नाही. २०२० साली मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, ती मी जुन्या गाडीला घेतली होती. सहा महिने शांत झोपलो. व्याज झोपलं नव्हतं, हे नंतरच्या वेळापत्रकात दिसलं.

मग उरतात दोन रस्ते: सोनं गहाण ठेवून कर्ज, नाहीतर पिग्मी, म्हणजे एजंट रोज येऊन थोडे थोडे पैसे नेतो ती ठेव. मी दोन्ही केलेत: दोन पावसाळे सोनेतारणावर काढले, आता तिसरा पिग्मीवर चाललाय.

सोन्याकडे वळलो तो माझ्याच शहाणपणामुळे. नव्या गाडीच्या पहिल्या मे महिन्यात हातात पैसे होते, म्हणून तीन हप्ते कर्जखात्यात आगाऊ भरून मोकळा झालो. ५ जूनला ईसीएस, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, आपला आलाच! खात्यात अकराशे रुपये. बाउन्स. चौकशी केली तर कळलं की आगाऊ भरलेली रक्कम मुद्दलातून वजा झाली आहे, पुढचे हप्ते जिथल्या तिथेच आहेत. तसं ते माझ्या फायद्याचंच, व्याज कमी झालं. पण जूनमध्ये मुद्दल कमी होऊन काय करू? त्याच आठवड्यात बायकोच्या पाटल्या घेऊन बँकेत गेलो.

आणि खरं सांगतो, सोनेतारणासारखं सोपं कर्ज नाही. सराफाने घासून वजन केलं, सह्या केल्या, तासाभरात ६०,००० खात्यात. कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, जामीनदार लागत नाही. दर साडेनऊ टक्के होता. जूनला घेतलेलं डिसेंबरअखेर, नाताळच्या गर्दीच्या पैशातून फेडलं, तर व्याज साधारण ३,२०० आणि वर मूल्यांकनाची किरकोळ फी. चार महिन्यांच्या निश्चिंतीला सव्वातीन हजार रुपये मला तरी जड वाटले नाहीत. नुसता हिशेब बघणाऱ्याने इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

माझं बिनसलं ते गौरीवरून.

सोनं जूनला आत जातं आणि सीझनचा पैसा येतो दिवाळीपासून पुढे. म्हणजे गौरी-गणपती दरवर्षी नेमके मधोमध. पहिल्या वर्षी बायको काही बोलली नाही, हातात काचेच्या बांगड्या घालून पूजेला बसली. दुसऱ्या वर्षी घरात भावाच्या बायकोचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेची गौरीपुढची पूजा, होता, सगळं माहेर-सासर जमणार. मी ठरवलं, काही करून पाटल्या सोडवायच्या. मेहुण्याकडून उसने घेतले, गौरी यायच्या आदल्या दिवशी अकरा वाजता बँकेत हजर. पैसे भरून झाले, कर्जखातं बंद झालं, पावतीवर शिक्का बसला. सोनं मात्र मिळेना. तिजोरीला दोन चाव्या, दोन साहेबांकडे, आणि दुसरे साहेब गणपतीला गावी गेलेले. "सोमवारी या ना." शाखेतल्या बाईंचं काही चुकलं नव्हतं, त्या बिचाऱ्या तीनदा सॉरी म्हणाल्या. मी पावती घेऊन घरी आलो. बायकोने ती वाचली, घडी घातली आणि देवघरातल्या डब्यात ठेवली. ओवशाला तिने जावेच्या बांगड्या घातल्या. सोमवारी पाटल्या आणल्या आणि मेहुण्याचे पैसे परत करायला गुरुवारी त्याच पाटल्या पुन्हा ठेवल्या.

हे दरवेळी होईल असं नाही. तुमच्या शाखेत चाव्या हजर असतील, तुमच्या घरात वापरात नसलेलं सोनं असेल, तर ही अडचण तुम्हाला येणारच नाही. आमच्याकडे त्या दोनच पाटल्या.

आता पिग्मी. हिशेब सोपा: ऑक्टोबर ते मे साधारण २४० दिवस, रोज २५० रुपये, झाले ६०,०००. २५० म्हणजे पावणेतीन लिटर डिझेल. एका देवबाग फेरीत सुटतात. कटकट वेगळीच आहे. पिग्मीवाला रोज येतो. भाडं मिळालं तरी येतो, दिवसभर भरड नाक्यावर बसून राहिलात तरी येतो. कमरेचं पावतीचं मशीन काढून नुसता उभा राहतो, मागत काहीच नाही. शेजारच्या रिक्षावाल्याने शंभर दिलेले असतात, त्याच्यासमोर "आज राहू दे" म्हणायला जीभ रेटत नाही. पहिल्या महिन्यात मला त्या माणसाचा राग यायचा. पण मला वाटतं, पिग्मीचं काम होतं ते याच लाजेमुळे. मोबाईलवर आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम टाकायची ठेव, सुरू करता येते, व्याजही थोडं बरं मिळतं, मी केलीही होती. फेब्रुवारीत टायर बदलायला मोडली. मोडताना बघणारं कोणी नव्हतं.

पिग्मीला व्याज नावापुरतंच. वर्षाच्या आत मोडलं तर तेही बहुधा जातं, कुठे कुठे दंडही कापतात. म्हणून मी खातं जूनमध्येच उघडतो. पावसात रोज २० रुपये टाकतो, ऑक्टोबरपासून २५०. मेअखेर बरोबर पिकतं. आलेली रक्कम हप्त्याच्या खात्यात जाते आणि त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. जोडलंत तर जुलैत मासे, भाजी सगळं त्यातूनच जाईल.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. पिग्मी सहकारी बँकेची आहे की पतसंस्थेची? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एजंट दोन्हीकडचे सारखेच हसतात. मी दर थोडा कमी असूनही बँकेची घेतली.

तिसरा मार्ग म्हणून कोणी सुचवेल की हप्तेच सीझनप्रमाणे बांधून घ्या. ट्रॅक्टरच्या कर्जाला पिकाप्रमाणे सहामाही हप्ते असतात, मग टूरिस्ट गाडीला का नाहीत, असं मीही विचारलं होतं. कर्ज मंजूर होण्याआधी विचारलंत तर कदाचित जमेल. नंतर बदलून घेतलंत तर ती पुनर्रचना म्हणून नोंदली जाते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवी येऊ शकते.

गाडी एप्रिल-मेमध्ये घेतली असेल तर पहिल्या पावसाळ्यापुरतं सोनंच ठेवा, साठवायला सीझन हातात नाही. बोटीत वाटा असणारे, म्हणजे ज्यांना पैसा रोज न मिळता हिशेबाला एकदम मिळतो, त्यांनाही रोजची पिग्मी झेपेल असं मला वाटत नाही. रोज थोडं थोडं कमावणाऱ्याने मात्र एकदा पिग्मी करून बघावी.

यंदाच्या गौरीला पिग्मीवाला दर्शनाला आला होता. बायकोने पाटल्यांच्या हाताने त्याला करंज्या वाढल्या. त्याने खाल्ल्या, हात धुतले, आणि कमरेचं मशीन काढून नुसता उभा राहिला. २० रुपये दिले.